स्ट्रेटनर घ्यायला गंजगोलाईत जाण्याआधी

'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी बीड, धाराशिव, परभणीहून लातूरला आलेल्या मुली माझ्या पार्लरमध्ये केसांची टोकं कापायला येतात आणि निघताना हमखास विचारतात, "ताई, केस सरळ करायचा एक स्ट्रेटनर घ्यायचाय, कोणत्या कंपनीचा घेऊ?" १४ वर्षं मी बार्शी रोडला पार्लर चालवतेय. कंपनीचं नाव मी शेवटी सांगते. आधी विचारते, तुझे केस दाखव.

हे मी एका चुकीतून शिकले. पार्लर नवीन होतं तेव्हाची गोष्ट. भाचीच्या साखरपुड्यासाठी मी एका सेलमधून स्वस्तातला स्ट्रेटनर आणला. त्याला फक्त चालू-बंदचं बटण, किती तापतो ते कळायला काही सोय नाही. सकाळी घाई, केस मुळाशी ओलसरच होते. पहिली बट धरली तशी चर्र आवाज आला आणि वाफ निघाली. मला वाटलं, तापलाय चांगला. आठ दिवसांनी भाची आली ती रडतच. "मावशी, केसं लई तुटलालेत." कानाजवळची बट हातात घेऊन उजेडात धरली तर केसावर जागोजागी पांढरे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याशी केस कट्कन मोडत होता. ओल्या केसातलं पाणी एवढ्या तापलेल्या पट्टीखाली आतल्या आत उकळतं, वाफ होऊन केसाच्या दांडीत बुडबुडे करतं. तिथून केस तुटतो. त्याला मग कोणताही सिरम, कोणतंही तेल उपयोगी पडत नाही. तो कापावाच लागतो.

म्हणून स्ट्रेटनर घेताना पहिली गोष्ट, त्याला तापमानाचे आकडे पाहिजेत. 'लो-मीडियम-हाय' असे तीन दिवे नकोत, डिग्री दाखवणारे आकडे हवेत. डब्यावर '२३० डिग्री' मोठ्या अक्षरात छापलेलं असतं आणि दुकानदारही तेच कौतुकानं दाखवतो. तुम्ही त्याला विचारा, सगळ्यात कमी किती डिग्रीवर चालतो? १३० किंवा १४० पासून सुरू होत असेल तर पुढे बोला. १८० च्या खाली येतच नसेल तर पातळ केसाच्या बाईनं तो घेऊ नये, कितीही स्वस्त मिळू दे.

केस सरळ होतो तो कसा, हे कळलं की आकड्यांची भीती राहत नाही. केसात हायड्रोजनचे बारीक बंध असतात. उष्णतेनं ते सुटतात आणि केस गार होताना ज्या आकारात असेल त्याच आकारात परत जुळतात. पाणी लागलं की पुन्हा मोकळे होतात, म्हणून न्हाल्यावर केस मूळ वळणावर येतात. २०० डिग्रीवर ओढला काय आणि १६० वर ओढला काय, न्हाल्यावर दोन्ही केस सारखेच वळणार. १६० वर केस सरळ होत असेल तर जास्तीच्या ४० डिग्रीनं तो फक्त कोरडा होतो. आणि २२०-२३० च्या आसपास तर केस ज्याचा बनलेला असतो ते केरॅटिन नावाचं प्रथिनच खराब व्हायला लागतं.

माझ्या हाताचा हिशेब असा आहे: पातळ, रंग लावलेले किंवा मेंदीनं कोरडे पडलेले केस १३० ते १५०. मध्यम केस १६० ते १८०. जाड, दाट, कुरळे केस १८० ते २००. त्याच्या वर घरी कुणीही जाऊ नये. लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही.

आता पट्ट्या. घरासाठी सिरॅमिक घ्या. ती सगळीकडून सारखी तापते. टायटॅनियम झटकन तापते आणि केसालाही झटकन उष्णता देते. रोज २० डोकी करणाऱ्या हाताला ती बरी, नवख्या हाताखाली एक क्षण जास्त थांबली की केस जळतो. टूरमलीन म्हणजे एक खनिज, सिरॅमिकच्या थरात मिसळतात. त्यानं केस कमी उडतात असं म्हणतात, पण तेवढ्यासाठी हजार रुपये जास्त मोजायची गरज नाही. स्वस्त स्ट्रेटनरमध्ये सिरॅमिकचा फक्त पातळ मुलामा असतो. वापरून तो सोलला की खालचा धातू उघडा पडतो आणि तेवढ्याच जागी केस चिकटतो, ओढला जातो. आधीपासून घरात स्ट्रेटनर असेल तर आजच पट्टीवरून बोट फिरवून बघा, अर्थात गार असताना.

दुकानात डबा उघडायला लावा. लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या गर्दीत दुकानदाराला वेळ नसतो, तरी लाजू नका. स्ट्रेटनर मिटून ट्यूबलाइटसमोर आडवा धरा. दोन पट्ट्यांच्या मधून उजेडाची फट दिसता कामा नये. मग बिलाच्या कागदाची एक पट्टी मध्ये धरून ओढा, आधी टोकाला, मग मधोमध, मग मुठीकडे. तिन्ही जागी सारखाच अटकला पाहिजे. एखाद्या जागी सुळकन निघाला तर तिथं केसही तापणार नाही, मग एकाच बटेवरून तुम्ही चार वेळा फिरवत बसाल. अंगठ्यानं पट्टी दाबा, ती स्प्रिंगसारखी किंचित आत गेली पाहिजे. अशी हलती पट्टी जाड-पातळ बटेला आपोआप जुळवून घेते. शेवटी स्वतःच्या केसाची एक बट गार पट्ट्यांतून ओढून बघा. पट्टी आणि प्लॅस्टिक जिथं जुळतात तिथं केस अडकून उपटला गेला तर तो स्ट्रेटनर परत डब्यात ठेवा. ही शेवटची तपासणी मी एकदाही चुकवत नाही.

रुंदीचं सोपं आहे. खांद्यापर्यंतचे केस असतील तर एक इंचाची पट्टी, कमरेपर्यंतचे दाट असतील तर दीड इंचाची. रुंद पट्टीनं कपाळावरचे आणि मानेजवळचे आखूड केस धरता येत नाहीत आणि कातडीला चटका बसतो. केसांना थोडंच वळण असेल आणि रोज सकाळी फक्त पिंजारलेपण घालवायचं असेल तर तापणारा ब्रशही पुरतो.

वायर बघाच. आपल्याकडे आरसा कपाटाला आणि बोर्ड दाराजवळ, हे बहुतेक घरातलं चित्र. वायर दोन मीटरच्या आसपास हवी आणि मुठीशी गोल फिरणारी हवी, नाहीतर पीळ पडून आतली तार तिथंच तुटते. बोर्डात दोन पिनचा प्लग सैल बसत असेल, ठिणगी उडत असेल तर आधी सॉकेट बदला.

लाइटचं आणखी एक. अर्धे केस झालेत आणि लाइट गेली, तुम्ही स्ट्रेटनर गादीवर ठेवून कामाला लागलात, हे आपल्या भागात नवं नाही. सरकवायचं बटण असलेला स्ट्रेटनर लाइट आली की आपोआप पुन्हा तापायला लागतो. दाबायचं बटण असलेला बहुतेक वेळा बंदच राहतो. म्हणून दाबायचं बटण आणि आपोआप बंद होण्याची सोय, दोन्ही मागा. हॉस्टेलच्या मुलींना तर मी बजावून सांगते. एका खोलीत तिघी, आणि गाद्या जमिनीवर. इन्व्हर्टरची काळजी मात्र नको. घरगुती स्ट्रेटनर साधारण ३० ते ६० वॉटचा असतो, साधारण पंख्याएवढाच भार. ड्रायर लावू नका, तो हजार वॉटच्या पुढं जातो.

आणि पाणी. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात टँकरच्या आणि बोअरच्या पाण्यानं न्हायलेले केस माझ्या हाताखालून गेले. वाळल्यावर काथ्यासारखे. आजही बोअरचं जड पाणी असलेल्या घरातली मुलगी म्हणते, माझे केस राठ आहेत, मला जास्त तापणारा द्या. तिला मी सांगते, आधी महिनाभर शेवटचा तांब्या आरओ फिल्टरच्या पाण्याचा घे. पाण्यातल्या क्षारांनी केस राठ झाला असेल तर स्ट्रेटनरच्या २०० डिग्रीनं तो आणखी बिघडतो.

कंपनीचं आता सांगते. फिलिप्स, हॅवेल्स, व्हेगा, आपल्याकडे सहज मिळतात. ज्याचं सर्व्हिस सेंटर लातुरात आहे तो घ्या. वॉरंटी आहे पण दुरुस्तीला संभाजीनगरला पाठवावा लागतो, अशा वॉरंटीवर मी भरवसा ठेवत नाही. पक्कं बिल घ्या. डब्यावर आयएसआयची खूण असेल तर तिच्याजवळचा सीएम/एल नंबर भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून बघा, परवाना खरा आहे का ते तिथंच कळतं.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी सगळे केस करू नका. तेल नसलेले, न्हाऊन पूर्ण वाळलेले केस घ्या. तेलाच्या केसावर पट्टी फिरवणं म्हणजे तळणं. थोडा हीट प्रोटेक्शनचा सिरम लावा आणि तो वाळू द्या. मानेवरची आतली एक बारीक बट धरा, सगळ्यात कमी आकड्यावर मुळापासून टोकापर्यंत न थांबता एकदाच ओढा. सरळ झाली तर तोच तुमचा आकडा. नाही झाली तर दहा डिग्री वाढवून दुसरी बट धरा. वाफ दिसली किंवा चर्र आवाज आला तर लगेच थांबा, केस ओला आहे. मिळालेला आकडा डब्याच्या झाकणावर पेनानं लिहून ठेवा, शेजारी नाव. घरात बहीण तोच स्ट्रेटनर वापरणार असेल तर तिनं पुन्हा सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि तिचा आकडा वेगळा लिहायचा.