नागपुरात विमा कंपनीकडून केस लढायच्या तर सुरुवात कुठून करायची

लॉ झालेले पोट्टे सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर हमखास विचारतात, सर इन्शुरन्सचं पॅनल, म्हणजे कंपनीच्या ठरलेल्या वकिलांची यादी, कसं लागते. पॅनल नंतर लागते बाबा, आधी काम शिका. सनद घ्या, एआयबीई ही वकिलीची परीक्षा पास करा आणि अपघाताच्या भरपाईच्या केसेस चालतात त्या मोटार अपघात न्यायाधिकरणात रोज उभं राहणाऱ्या एखाद्या सीनियरकडे दोन-तीन वर्षं फाइली उचला.

पहिली फाइल हातात आली की सगळे एफआयआर आणि स्पॉट पंचनामा वाचतात. चुकीचं नाही, पण आधी पॉलिसी काढा. नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याचं नुकसान भरणारी) आहे का पॅकेज (स्वतःच्या गाडीचंही भरणारी), कालावधी कधीपासून कधीपर्यंत, आणि सुरू व्हायची वेळ किती वाजताची. अपघात सकाळी अकराचा अन् पॉलिसी त्याच दिवशी दुपारी काढलेली अशा फाइली येतात, तिथे तर तारखेपेक्षा वेळच महत्त्वाची. प्रीमियमचा चेक बाउन्स झाला असेल तर विमा कायद्याचं कलम 64 व्हीबी, म्हणजे प्रीमियम आल्याशिवाय जोखीम घ्यायची नाही, हे लगेच आठवतं, पण कंपनीनं अपघाताच्या आधी पॉलिसी रद्द करून मालकाला कळवलं होतं का हे बघा, नाहीतर जखमी माणसाला पैसे द्यावेच लागतात.

इथे दोन वेगळे वाद असतात आणि नवीन माणूस त्यांची खिचडी करतो. चूक कोणाची, नुकसान किती, हा एक वाद. पॉलिसी लागू होते का, हा दुसरा. ड्रायव्हरचं लायसन्स या दुसऱ्या वादात येतं. नागपूरचं एमएच 31 असो की 49, लायसन्सचा उतारा आरटीओतून मागवा आणि तिथल्या क्लार्कला साक्षीला बोलवा. मी सुरुवातीला एका केसमध्ये लायसन्स खोटं म्हणून जवाबात दणक्यात लिहिलं, साक्षीदार मात्र बोलावला नाही, आणि निकालात एका ओळीत आलं की बचाव सिद्ध झाला नाही, दोन दिवस सीनियरच्या समोर जायची हिंमत नव्हती. आणि लायसन्स खोटं निघालं तरी मालकानं ड्रायव्हर नेमताना काळजी घेतली होती का हा प्रश्न उरतोच, सुप्रीम कोर्टाच्या 2004 च्या स्वरणसिंग निकालापासून. पुष्कळदा 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा आदेश होतो. एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर छोटं मालवाहू वाहन चालवलं हा जुना बचाव तर सुप्रीम कोर्टाच्या 2024 च्या घटनापीठाच्या निकालानंतर 7500 किलोपर्यंतच्या वाहनांसाठी संपलाच, तरी काही जण अजून जुनाच ड्राफ्ट कॉपी-पेस्ट करून राहिले.

एक गोष्ट नीट ऐका, पॉलिसीच्या अटी मोडल्या असं म्हणायचं असेल तर मालकाचं वकीलपत्र घेऊ नका. तुमच्या बचावाचं ओझं त्याच्याच डोक्यावर जाते, दोघांचं हित एक नाही.

आकडे स्वतः काढा, कॅल्क्युलेटर घेऊन. समजा 32 वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस गेला, महिना 20,000, घरी बायको, दोन मुलं, आई. भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले की 28,000, वर्षाचे 3,36,000, चार जण अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 2,52,000, वयावरून ठरणारा गुणक 16, म्हणजे 40,32,000, भरपाईच्या बाकीच्या हेड्स वेगळ्या. हा हिशोब तुमच्याकडे तयार असला की उत्पन्नाचा पुरावा नसताना अर्जदार महिना 60,000 म्हणतो तेव्हा कुठे बोट ठेवायचं ते कळतं, आणि तो 20,000 सिद्ध करू शकतो हे दिसलं तर कंपनीला सरळ लिहा की लोकअदालतीत मिटवा. हरणारी केस ताणली तर व्याज चढत जाते, आणि तुमचं नाव जाते ते वेगळंच.

फी? शेड्यूलप्रमाणे आणि उशिरा. म्हणून बाकीची प्रॅक्टिस सोडू नका. पॅनलची जाहिरात सरकारी कंपन्या अधूनमधून काढतात, अर्जाला तुम्ही चालवलेल्या केसेसची यादी जोडावी लागते, ती पहिल्या दिवसापासून वहीत लिहीत जा.

निकाल लागला की त्याच दिवशी सर्टिफाइड कॉपीला अर्ज करा आणि अपील करायचं का नाही याचं मत आठवड्यात द्या. नागपूर खंडपीठात अपिलाला 90 दिवस असतात, पण कंपनीची मंजुरी टेबलावरून टेबलावर फिरते आणि शेवटी वकिलाला फोन येतो तो 88 व्या दिवशी.