डुकराच्या स्नायूतलं जनुक मोजताय? या चुका टाळा

आई-बापाकडून आलेल्या जनुकाच्या दोन प्रतींत ए की जी हे अक्षर आहे ते बघून एए, एजी, जीजी असे तीन गट पाडायचे आणि मोकळं व्हायचं, ही माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारी चूक. आयजीएफ२ या स्नायूवाढीच्या जनुकाच्या तिसऱ्या इन्ट्रॉनमधला (प्रथिनात न उतरणाऱ्या तुकड्यातला) ३०७२व्या जागेवरचा जी-चा-ए बदल २००३ पासून सगळ्यांना पाठ आहे. तिथे बसून जनुकाला दाबून ठेवणारं झेडबेड६ हे प्रथिन या बदलामुळे चिकटत नाही, आणि जन्मानंतर स्नायूतला आयजीएफ२चा एमआरएनए (जनुकाची कामाची नक्कल, आपण मोजतो ती) साधारण तिप्पट होतो. पण स्नायूत बोलते ती बापाकडून आलेली प्रत. आईची गप्प असते. हे पुस्तकात वाचलेलं असतं, एक्सेलमध्ये मात्र कुणालाच आठवत नाही.

आमच्याकडे एका पोराचे चौदा एजी नमुने होते. आयजीएफ२ आठांत खाली, सहांत वर. एरर बार छतापर्यंत. पठ्ठ्याने रात्रीत ते सहा ‘आउटलायर’ म्हणून उडवले आणि सकाळी सुंदर पी-व्हॅल्यू घेऊन आला. मी फार्मची वही मागवली. तेलकट डागांची, नराच्या रकान्यात नुसते टॅग नंबर. ते सहाही एकाच एए नराचे, आया जीजी. उरलेल्या आठांत ए आईकडून आलेला. म्हणजे कामाचा निकाल त्याने कचऱ्यात टाकला होता! तेव्हापासून माझ्या फ्रीझरमधल्या प्रत्येक ट्यूबवर पिल्लासोबत नर आणि मादीचा नंबर असतो. आई-बाप दोघंही एजी निघाले, तर या एका जागेवरून एजी पिल्लातला ए बापाचा की आईचा ते कळत नाही. आजूबाजूचे स्निप, म्हणजे डीएनएतले एकेका अक्षराचे फरक, बघावे लागतात.

दुसरी चूक जीएपीडीएच. आपल्या जनुकाचा आकडा ज्या ‘स्थिर’ जनुकाने भागायचा, ते म्हणून हेच घेतलं जातं. पण तो ग्लायकोलिसिसचा, म्हणजे साखर फोडण्याचा, एन्झाइम आहे. पांढऱ्या, झटपट आकसणाऱ्या तंतूंत तो जास्त, लाल तंतूंत कमी. आणि जातींत फरक असतो तो बऱ्याचदा तंतूंच्या प्रमाणातच. मग भागाकारात नेमका तुमचाच फरक जातो. ‘सगळे हाच वापरतात’ हे कारण मला सांगू नका. मी चार-पाच जनुकं आधी तपासतो, त्यांतली स्थिर तीन घेतो. एक आठवडा जातो, जाऊ दे.

स्नायू एकच घ्या, आणि त्याच बरगडीपाशी. जबड्याचा मासेटर आणि पाठीचा लाँगिसिमस यांची तुलना ही जातींची तुलना नव्हे.

आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात) स्नायूचा अख्खा गोळा टाकू नका; अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड तुकड्यात तो आतपर्यंत पोचत नाही.

पिएत्रें जात किंवा तिचा संकर असेल तर आरवायआर१ आधी तपासा; त्या जनुकातला बदल ताणाखाली स्नायूच बिघडवतो.

डुकराचा संदर्भ जीनोम ड्युरॉक जातीच्या मादीचा आहे, दुसऱ्या जातीचे रीड (वाचलेले आरएनएचे तुकडे) त्याच्याशी जुळवताना हे विसरू नका.

आणि गोव्याच्या आगोंदा गोवन जातीची लार्ज व्हाइट या फार्मच्या जातीशी तुलना करणाऱ्यांनो, एक घरच्या खरकट्यावर वाढलेलं आणि दुसरं फार्मच्या खुराकावर, तर तुम्ही जात मोजताय की जेवण? वय सारखं धरलं तर वजन वेगळं, वजन धरलं तर वय. काय धरलंय ते नमुने घेण्याआधी वहीत लिहा. पेनाने.