ई-रीडरला घरगुती सौर चार्जिंग जोडताना या चुका टाळा

सौरऊर्जेवर चालवायला ई-रीडरइतके सोपे उपकरण नाही, असे मानून अनेकजण या कामाला हात घालतात आणि हिशेबापुरते ते खरेही आहे. ई-इंकचा पडदा मुख्यतः पान उलटतानाच वीज घेतो, त्यामुळे वायफाय आणि पडद्याचा दिवा बंद ठेवला तर बॅटरी कित्येक दिवस पुरते. ती १,५०० एमएएचची धरली तरी ३.७ व्होल्टला तिच्यात मावणारी ऊर्जा साडेपाच वॉट-तासांच्या घरातच राहते. गरज इतकी थोडी असूनही बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून माझ्या टेबलावर येणारी बहुतेक जोडकामे त्याच त्या दोन ठिकाणी फसलेली असतात आणि तीच कारणे पुन्हा पुन्हा तोंडी सांगण्याचा मला आता कंटाळा आला आहे.

मोकळ्या पॅनेलचे व्होल्ट पाहून निर्धास्त होणे

खानापूरकडचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी ६ व्होल्ट, १ वॉटचे पॅनेल, व्होल्टेज उतरवून ५ व्होल्ट देणारे बक मॉड्यूल आणि कापलेली यूएसबी केबल अशी जोडणी करून रीडर घेऊन आला होता. त्याची तक्रार अशी होती की सकाळी ऊन लागताच चार्जिंगचे चिन्ह दिसते, लगेच जाते, पुन्हा दिसते, आणि संध्याकाळी पाहावे तर बॅटरी सकाळपेक्षा उतरलेली असते. "मामा, मीटर तर सात व्होल्ट दाखवतोय की!" हे वाक्य तो पुन्हा पुन्हा ऐकवत होता. मीटर खोटे बोलत नव्हता. मात्र ते सात व्होल्ट काहीच न जोडलेल्या पॅनेलचे होते. १ वॉटच्या पॅनेलमधून भर उन्हातही साधारण १६५ मिलिअँपिअरच मिळतात. रीडर त्याहून कितीतरी जास्त प्रवाह मागतो, बक मॉड्यूल ती मागणी पुरवण्यासाठी पॅनेलमधून आणखी ओढू पाहते आणि पॅनेलचे व्होल्टेज कोसळते. व्होल्टेज कोसळले की चार्जिंग तुटते, भार सुटताच ते सावरते आणि रीडरला पुन्हा चार्जर मिळाल्याचा भास होतो. अशा प्रत्येक जोडणीला रीडर झोपेतून जागा होतो. त्या बिचाऱ्याची बॅटरी या जागरणातच संपत होती.

त्यावर त्याने आणखी मोठे, १२ व्होल्टचे पॅनेल आणून ते थेट टीपी४०५६ या चार्जिंग बोर्डाला जोडले. त्या चिपची इनपुटची कमाल मर्यादा ८ व्होल्ट आहे, त्यामुळे बोर्डाचे काय झाले ते सांगायला नको. आधीचा दोष का झाला हे न समजून घेता त्याच्यावर दुसरी वस्तू विकत आणणे, हा नवशिक्यांचा आवडता उपाय आहे आणि मला त्याची मनापासून चीड येते.

माझी पद्धत संथ आहे. पॅनेल हातात आले की मी त्याला ३९ ओहम, २ वॉटचा रेझिस्टर लावून दुपारच्या उन्हात ठेवतो आणि त्या भाराखाली व्होल्ट मोजतो. ते सहाच्या जवळ राहिले तरच पॅनेलवरचे लेबल खरे मानतो. त्यानंतर पॅनेल रीडरला जोडतच नाही. पॅनेलवरून टीपी४०५६ मार्फत १८६५० आकाराचा एक वेगळा, संरक्षक सर्किट असलेला लिथियम सेल दिवसा भरून घेतो आणि रात्री त्या सेलवरून व्होल्टेज चढवून ५ व्होल्ट देणाऱ्या बूस्ट मॉड्यूलने रीडर चार्ज करतो. बाजारात मिळणाऱ्या टीपी४०५६ बोर्डावर चार्जिंगचा प्रवाह ठरवणारा रेझिस्टर बहुधा १.२ किलो-ओहमचा असतो आणि त्यामुळे ते बोर्ड १ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू पाहते. त्याच्या जागी १० किलो-ओहमचा बसवला की मागणी सुमारे १३० मिलिअँपिअरवर येते आणि लहान पॅनेलला ती झेपते. बारीक रेझिस्टर बदलण्याइतका ज्यांचा सोल्डरिंगवर हात बसलेला नाही, त्यांनी सीएन३०६५ चिपचे बोर्ड घ्यावे; पॅनेलची ताकद पाहून ती स्वतःच प्रवाह आवरते. या मार्गाने रीडर पूर्ण भरायला दोन-तीन दिवसांचे ऊन लागते. तेवढा धीर नसेल तर भिंतीवरचा प्लग आहेच.

रीडरच उन्हात ठेवणे

कव्हरच्या पाठीला पॅनेल चिकटवलेला रीडर छायाचित्रात फार देखणा दिसतो. प्रत्यक्षात त्या रचनेत पॅनेलला ऊन द्यायचे म्हणजे रीडरलाही उन्हात तापवणे आले. लिथियम बॅटरी सर्वसाधारणपणे ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये. बेळगाव शहरात एप्रिलमध्ये सावलीतलाच पारा छत्तीसच्या आसपास पोहोचतो, अथणी-रायबागकडे त्याहून वर जातो आणि काळ्या कव्हरमधली वस्तू स्लॅबवरच्या उन्हात ही मर्यादा पाहता पाहता ओलांडते. पॅनेल उन्हात, बॅटरी आणि रीडर सावलीत, मधे दोन मीटर वायर, एवढा साधा नियम पाळायला लोकांना का जड जाते हे मला कळलेले नाही.

याच हौसेपोटी काहीजण रीडर उघडून आतल्या बॅटरीच्या तारांवरच सोल्डर करतात. तिथे तिसरी किंवा चौथी तार असली तर ती बहुधा तापमान कळवणाऱ्या सेन्सरची असते. तिला वळसा घालून बाहेरचा चार्जर जोडला की बॅटरी तापल्याचे चार्जरला कळण्याचा मार्गच उरत नाही. त्याशिवाय एकाच बॅटरीवर दोन चार्जर बसले की टक्केवारीचा आकडा बेभरवशाचा होतो. फुगलेली बॅटरी दाबून, टोचून किंवा टेपने आवळून बसवू नये, ती बदलावी. यावर मी कोणाशीही वाद घालत नाही.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगता येतील. ६ व्होल्टच्या पॅनेलवर ७८०५ हा ५ व्होल्टचा रेग्युलेटर लावू नये, कारण नीट ५ व्होल्ट देण्यासाठी त्याला सुमारे दोन व्होल्ट वर लागतात. उलटा प्रवाह अडवायला म्हणून टीपी४०५६ च्या आधी १एन४००७ डायोड लावून पाऊण व्होल्ट गमावू नये. बॅटरीतून उलटा प्रवाह रोखण्याची सोय त्या चिपमध्येच आहे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर माडाच्या झावळीची सावली पडली तरी सगळ्या पॅनेलचा प्रवाह घटतो, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. पॅनेल खिडकीच्या काचेआड ठेवू नये. आपल्या अक्षांशाला ते दक्षिणेकडे सोळा अंशांच्या आसपास कललेले असावे. वायरचा जोड हॉट ग्लूने बंद करू नये, तो उन्हात मऊ पडतो; त्याऐवजी सिलिकॉन वापरावे.

जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः खानापूर-जांबोटीच्या बाजूला, हा सगळा खटाटोप बंद ठेवलेला बरा. त्या चार महिन्यांसाठी पॅनेल पुसून घरात ठेवावे, वेगळा सेल निम्मा भरलेल्या स्थितीत काढून कोरड्या डब्यात घालावा आणि रीडर सरळ विजेवर चार्ज करावा.