ठिबकमधून जीवामृत: आधी गाळणी, मग गूळ-बेसन

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, ठिबकमधून सोडायला अनेकजण बिचकतात. एकदा ड्रिपर चोंदले की ड्रम गोठ्यामागे जातो, तो कायमचाच. चूक बहुतेक वेळा गाळणीची असते.

एका एकराला पाणी 200 लिटर, देशी गाईचं शेण 10 किलो, गोमूत्र 5 ते 10 लिटर, गूळ 2 किलो, बेसन 2 किलो आणि बांधावरची मूठभर माती. जळगावात डाळ मिलची हरभरा चुणी मिळते, बेसनाऐवजी ती चालते. पण बारीक दळून घ्या, सालपटं फार छळतात. ड्रम प्लास्टिकचा, सावलीत. तोंडाला गोणपाट बांधा. घट्ट झाकण नको, आत वायू साठतो. रोज दोनदा ढवळा. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत तयार होतं, थंडीत वेळ लागतो.

आता खरं काम. हा ड्रम ओट्यावर ठेवा, खाली गाळणीचा दुसरा ड्रम. ओटा खालच्या ड्रमच्या उंचीचा हवा, नाहीतर जीवामृताचा रस पुढे चढणारच नाही. तोटी तळापासून वीतभर वर बसवा, म्हणजे गाळ आतच राहतो. सोडायच्या आदल्या रात्रीपासून ढवळणं बंद.

तोटीचा पाइप खालच्या ड्रमच्या तळाशी जोडा. या ड्रममध्ये वीतभर मोठी खडी, त्यावर बारीक खडी, मग शेडनेटचा तुकडा आणि वर धुतलेली जाड वाळू. रस खालून वर चढतो, जड चोथा खाली बसतो. वरून ओतलात तर वाळूवर साय धरते आणि धार आटते. तोटी कमीच उघडा. जोर झाला की वाळू उसळते. तळाला एक कॉक हवाच, दर वेळी वरून पाणी ओतून गाळ काढायला.

वरच्या कडेने निघालेला रस सुती कापडातून बादलीत घ्या, तिथून व्हेंचुरीला, म्हणजे पाण्याच्या दाबावर रस ओढून ठिबकच्या पाइपात सोडणाऱ्या नळीला. क्रम असा: सँड फिल्टर, व्हेंचुरी, डिस्क फिल्टर. व्हेंचुरी ओढत नसेल तर मुख्य व्हॉल्व्ह थोडा बंद करा. दोन बाजूंच्या दाबात फरक पडल्याशिवाय ओढ लागत नाही.

आधी 20 मिनिटं साधं पाणी, मग रस, मग पुन्हा तेवढंच पाणी. हे शेवटचं पाणी टाळलं की रस नळीत वाळतो. मग टोकाची बुचं (एंड कॅप) काढून पाणी नितळ येईपर्यंत नळ्या धुवा. क्षारासाठी ॲसिड द्यायचं तर दुसऱ्या दिवशी, एकत्र दिलं तर जिवाणू मरतात.

ड्रिपरखाली केळीच्या कापलेल्या खांबाचे तुकडे किंवा पाचट पसरा. मे महिन्यात उघडी काळी जमीन इतकी तापते की रस वर वर वाळून जातो.