संघावर नाव लागलं, आता बैठकीची तयारी

पालक-शिक्षक संघावर तुमचं नाव घातलंय, ही बातमी आमच्याकडे जूनच्या उत्तरार्धात, सुट्टीनंतर शाळा पुन्हा भरली की स्टाफरूमच्या दारातून चालता चालता सांगतात. कुणी विचारत नाही आणि आपणही नाही म्हणत नाही. मग वर्षभर बैठकीच्या दिवशी सतरंज्या, माइक, चहा आणि सह्यांचा कागद एवढं सांभाळलं की काम झालं, असं दोन्ही बाजूंना वाटतं. इंदूरमध्ये शिकवायला लागल्यापासूनची माझी पहिली सहा वर्षं या सतरंजी खात्यातच गेली. यंदा एका नव्या सहकारी बाईंनी विचारलं, "मॅम, बैठकीला येताना काय काय आणू?" त्यांना उभ्या उभ्या जे सांगितलं, ते इथे बसून लिहितेय.

सगळ्यात आधी आपल्याला नेमकं कशावर घेतलंय ते कार्यालयात जाऊन बघा. शासकीय शाळेत असाल तर ती शाळा व्यवस्थापन समिती असेल, इथल्या कागदांवर 'शाला प्रबंधन समिति'. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१मधली ही समिती. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया, आणि शाळेचा विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं ही तिची कामं. विनाअनुदानित खासगी शाळेला हे कलम लागू नाही; तिथला संघ शाळेने स्वतः ठरवलेल्या नियमांवर चालतो. सीबीएसईच्या शाळेत मंडळाच्या नियमांनुसार जी व्यवस्थापन समिती असते, तिच्यातही पालक आणि शिक्षक बसतात, पण ती पुन्हा वेगळी. आपल्या मध्य प्रदेशात २००२च्या जनशिक्षा अधिनियमापासूनच पालक-शिक्षक संघ होते, त्यामुळे जुनी मंडळी अजून सगळ्यांनाच सरसकट 'संघ' म्हणतात. म्हणून सांगते, मागच्या दोन वर्षांचं कार्यवाही रजिस्टर मागून घ्या आणि घरी नेऊ देत नसतील तर मधल्या सुट्टीत वाचा. कोणता ठराव तीन बैठकांत तीनदा झाला आणि एकदाही अमलात आला नाही, हे तिथे कळतं. शिक्षक म्हणून आपण काही बोललो होतो का, तेही.

माझ्या शाळेच्या रजिस्टरात 'शिक्षकांनी सहकार्य केले' याखेरीज शिक्षकांबद्दल एक ओळ नव्हती. रीत तशी जुनीच म्हणायची. अमेरिकेत पालक-शिक्षक संघांची मूळ संघटना १८९७मध्ये वॉशिंग्टनला निघाली, ती मातांची राष्ट्रीय काँग्रेस होती. तिच्या नावात शिक्षक शिरले ते १९०८मध्ये.

आता खरी तयारी. बैठकीच्या पंधरा दिवस आधी तुमचा स्वतःचा एक विषय ठरवा. एकच. तो असा हवा की जो वर्गातून दिसतो आणि घरातून दिसत नाही. अभ्यास घेत चला, मोबाइल देऊ नका, हे विषय नव्हेत, ही रड आहे. पालकांना ती पाठ आहे. मी एका पावसाळ्यात दहा दिवस फक्त एवढंच टिपून ठेवलं की प्रार्थना झाल्यावर कोण येतं आणि कशाने येतं. वर्गशिक्षिका म्हणून माझा समज होता की घरचे उशिरा उठतात. दहा दिवसांनी कागद बघितला, तर उशिरा येणाऱ्यांपैकी बहुतेक मुलं एकाच व्हॅनची. व्हॅनवाले भिया दोन फेऱ्या मारत होते आणि दुसरी फेरी पावसात अडकत होती. हे एकाही पालकाला एकट्याने कळणं शक्य नव्हतं, कारण प्रत्येकाचं मूल घरून वेळेवर निघत होतं. बैठकीत मी कागद वाचून दाखवला, दोष कुणालाच दिला नाही. पुढचं सगळं पालकांनीच आपापसात ठरवलं, मला एक फोनसुद्धा करावा लागला नाही. संघात शिक्षक कशाला हवा, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं. तर तुमच्या वर्गात काय आहे ते बघा. डबा न आणणारी मुलं कोणत्या वारी जास्त असतात? फळा न दिसणारी किती आहेत? पाचवी-आठवी शिकवत असाल तर विषय आयता आहे: आता या दोन वर्गांची परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर होते, आणि "आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना" असं समजणारे पालक अजून भरपूर आहेत. २०१९च्या कायदादुरुस्तीने काय बदललं, नापास झालेल्याला पुन्हा परीक्षेची संधी कशी मिळते, हे चार वाक्यांत सांगता येईल असं लिहून काढा. विषय ठरला की तो मुख्याध्यापकांना आधी दाखवा आणि बैठकीच्या सूचनेत छापून घ्या. आयत्या वेळच्या विषयांत गेलेला मुद्दा चहाबरोबर संपतो.

तारीख ठरवताना तोंड उघडा, कारण कॅलेंडर आपल्यालाच माहीत असतं. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, त्या दिवशी राजवाड्याकडून कुणी कुठे जाऊ शकत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, रात्रभर चालतात, दुसऱ्या सकाळी बैठक ठेवली तर सह्यांच्या कागदावर तीन नावं येतील. मराठी घरं जास्त असतील तर सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाचा शनिवार-रविवार टाळा. हसू नका, एकदा आमच्या संघाचे उपाध्यक्ष पहिल्या अंकासाठी बैठकीतून उठून गेले आहेत. तुमची स्वतःची निवडणुकीची ड्यूटी, मतदार यादीचं काम आहे का तेही बघा, कारण कायद्याने शिक्षकाला ज्या मोजक्या बिगरशैक्षणिक कामांना लावता येतं, त्यांत जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका येतात, आणि ती कामं विचारून येत नाहीत.

कागदपत्रांचा विषय बैठकीत हमखास निघतो, त्यासाठी एक छोटी चिठ्ठी करून ठेवा. समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, दोन असतात: कुटुंबाचा आठ अंकी, सदस्याचा नऊ अंकी, आणि शाळेला मुलाचा नऊ अंकी लागतो. अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा शैक्षणिक ओळख क्रमांक, बारा अंकी आणि त्याला पालकाची संमती लागते. आपल्या मराठी घरांची एक खास अडचण आहे, ती तुम्ही सांगितली नाहीत तर कुणी सांगणार नाही. आपण मुलाच्या नावात मधे वडिलांचं नाव घालतो. इथल्या अर्जात नाव आणि आडनाव एका रकान्यात, वडिलांचं नाव दुसऱ्यात. त्यामुळे आधारवर तीन शब्दांचं नाव आणि समग्रवर दोन शब्दांचं, असं होतं आणि जुळणी अडते. कोणतं नाव कुठे बदलायचं हे नववीच्या नोंदणीआधी ठरवा म्हणावं.

आठवडाभर आधी दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. एक, पैसे हातात घ्यायचे नाहीत. सहल असो, गॅदरिंग असो, संघाची वर्गणी असो. खजिनदार पालक असेल तर त्यांनीच घ्यावी आणि पावती तिथल्या तिथे द्यावी. मी एकदा पाकिटात गोळा केलेले पैसे दोनशे रुपयांनी कमी भरले. कुणी काही बोललं नाही, मी पदरचे घातले. पण पुढच्या तीन बैठकांत हिशोबाचा विषय निघाला की माझेच कान तापायचे. दोन, शिकवणीचं उत्तर तयार ठेवा. बैठक संपली की जिन्यात कुणीतरी गाठतं, "मॅम, घरी थोडं बघाल का याचं?" शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने शिक्षकाला खासगी शिकवणी घ्यायला मनाई आहे. तसं हसून सांगा आणि लगेच म्हणा, शाळा सुटल्यावर वीस मिनिटं पाठवा. दुसरं वाक्य न बोलता पहिलं बोललात तर ते उर्मट वाटतं.

यानंतरची गोष्ट लिहायला मला आवडत नाही, पण यादीत ती नसेल तर यादीला अर्थ नाही. सगळ्यांसमोर कुठल्याही मुलाचं उदाहरण द्यायचं नाही, नाव न घेतासुद्धा नाही. मी एका बैठकीत अक्षराबद्दल बोलताना म्हणून गेले, "आता एक मुलगा डावखुरा आहे, त्याचं अक्षर..." वर्गात डावखुरा एकच होता. तिसऱ्या ओळीत रामबागेहून आलेली त्याची आजी बसली होती, कारण आई-वडील दोघंही नोकरीवर. आजी काही बोलल्या नाहीत. जाताना फक्त मराठीत म्हणाल्या, "बाई, तो घरी सगळ्यांची चित्रं काढतो, तुम्हाला माहीत नसेल." माहीत नव्हतं. तेव्हापासून मी बैठकीआधी माझ्या मुद्द्यांचा कागद एकदा कुणातरी मुलाच्या आजीच्या नजरेने वाचते आणि ज्या वाक्यातून एखादं घर ओळखू येईल, ते खोडते. एकेका मुलाबद्दल बोलायचंच असतं. कायद्याच्या कलम २४मध्ये हजेरी, शिकण्याची क्षमता, प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. पण त्यासाठी वेगळी वेळ, वेगळी खोली आणि समोरासमोर दोन खुर्च्या.

आदल्या संध्याकाळी फारसं काही नाही. मुद्द्यांचा कागद मोठ्या अक्षरात, एक कोरं पान, दोन पेनं, हजेरीपत्रक. नाश्ता ठेवायचाच असेल तर पोहे, आणि जिरावणाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, पुडी वेगळी, नाहीतर त्यावरच पंधरा मिनिटं जातात. प्लास्टिकचे कप आणू नका. स्वच्छतेचं नाव मिरवणाऱ्या आपल्या गावात ते शोभत नाही. स्टीलचे पेले घरोघरी असतात, दोन पालकांना सांगा. उरलेल्याचा ओला-सुका वेगळा करायला डबे आधीच मांडून ठेवा.

बैठकीत शिक्षकांनी एका ओळीत, पालकांच्या समोर बसायचं नाही. न्यायाधीश आणि आरोपी वाटतात, कोण कोण ते बोलण्यावर ठरतं. मधे मधे बसा. बैठक हिंदीत चालते, तेव्हा ओळखीच्या मराठी आई दिसल्या म्हणून त्यांच्याशी मराठीत कुजबुजू नका. बाकीच्यांना वाटतं आपल्याबद्दलच चाललंय. फीचा विषय निघाला तर तुम्ही उत्तर देऊ नका. तुम्ही फी ठरवलेली नाही. "हा प्रश्न रजिस्टरात लिहून घेते" म्हणा आणि खरंच लिहा, प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत. शाळेची बाजू घेण्याचा मोह होतो, विशेषतः मुख्याध्यापक बघत असतील तर. तुमचा विषय आला की चार मिनिटं बोला आणि थांबा. मग जी शांतता पडते ती भरून काढू नका, कुणीतरी आई बोलणार असते.

सह्या झाल्या की लगेच, गर्दी पांगायच्या आधी, रजिस्टरात तुमच्या विषयापुढे तीन गोष्टी आहेत का बघा: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. 'विचार करण्यात येईल' असं लिहिलं असेल तर तिथेच बदलून घ्या. जे पालक आले नाहीत त्यांना त्याच आठवड्यात डायरीत चार ओळी लिहून पाठवा, रागावल्याच्या सुरात नको. दुकान बंद ठेवून येणं सगळ्यांना जमत नाही. आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात मुलांना सांगा की काय ठरलं, कारण त्यांनी घरी रविवारभर काहीतरी वेगळंच ऐकलेलं असतं. मागच्या वेळी आमच्या सहावीला वाटत होतं की त्यांची खेळाची तासिका गेली. गेली नव्हती, गुरुवारची शुक्रवारी आली होती एवढंच.