एक मोबाइल, चाळीस कार्डं: वर्गातल्या प्रत्येक मुलाचं उत्तर एका मिनिटात कसं घ्यावं

"कळलं का?" असं विचारलं की वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. त्या होकारावर विसंबून मी कित्येक वर्षं पुढचा धडा घेतला, आणि घटक चाचणीचे पेपर तपासताना कपाळाला हात लावला. माझ्या वर्गात ३४ मुलं. हात वर करणारी तीच पाच-सहा. बाकीची २८ मनात काय धरून बसली आहेत, हे कळायची सोयच आपल्या तासाला नसते.

तंत्रज्ञानाने शिकवणं बदलायचं तर ते इथे बदलायला हवं. लोकसहभागातून टीव्ही बसवा, व्हिडिओ लावा, असा सल्ला शिक्षण परिषदेत दर महिन्याला मिळतो. टीव्ही आमच्याही वर्गात आहे आणि मुलं तो आवडीने बघतात. पण आधी ती माझं ऐकत होती, आता टीव्हीचं ऐकतात, एवढाच फरक पडला. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि दीक्षा अ‍ॅपवरचं साहित्य घरी उजळणीला चांगलं आहे, मी पालकांना आवर्जून सांगते. पण वर्गात फळ्यासमोर उभं असताना पुढचं वाक्य कोणतं बोलू, हे त्यातून मला कळत नाही. ते प्लिकर्स नावाच्या मोबाइल अ‍ॅपच्या कागदी कार्डांनी कळतं. सहावी-सातवीच्या गणिताला मी ती सहा वर्षं वापरते आहे.

प्रत्येक मुलाकडे एक कार्ड असतं. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी-पांढरी नक्षी आणि चार बाजूंना बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. जे उत्तर वाटतं ते अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकाने मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणत्या क्रमांकाने काय उत्तर दिलं ते नोंदलं जातं. मुलांना मोबाइल लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही, प्रश्न फळ्यावर खडूने लिहिला तरी चालतो. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असते, त्यामुळे शेजारच्याचं बघून आपलं कार्ड फिरवणं सहज जमत नाही.

तयारी

अ‍ॅप घ्या, खातं उघडा, ४० कार्डांचा मोफत संच उतरवून झेरॉक्सच्या दुकानातून जाड पांढऱ्या कागदावर छापून आणा. रंगीत कागद नको. चकचकीत लॅमिनेशन करू नका. खिडकीचा उजेड त्यावर चमकला की कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. माझा पहिला संच त्यातच वाया गेला. मागून जुन्या वहीचा पुठ्ठा चिकटवला की वर्षभर टिकतो.

कार्डाचा क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवा. अ‍ॅपमध्ये मुलांची पूर्ण नावं, आडनावं भरू नका. क्रमांक पुरेसा आहे, आणि लहान मुलांची माहिती कुठल्याही अ‍ॅपला गरजेपेक्षा जास्त देऊ नये.

पहिल्या दिवशी सरावाला "तुला कोणतं फळ आवडतं" असा प्रश्न घ्या. कार्ड कडेला धरायचं, नक्षीवर बोट येऊ द्यायचं नाही आणि ते चेहऱ्यासमोर स्थिर ठेवायचं, एवढं एका तासात जमतं.

प्रश्न तयार करणं: इथेच सगळं अडतं

वरचं सगळं एका शनिवारी होऊन जातं. माझी दोन वर्षं गेली ती प्रश्नांत.

सुरुवातीला मी शिष्यवृत्तीच्या गाइडमधले प्रश्न जसेच्या तसे घ्यायचे. मुलं खूश, कार्डं वर, पडद्यावर हिरवे-लाल ठिपके. २० बरोबर, १४ चूक. मग? त्या १४ जणांचं काय चुकलं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी तेच उदाहरण पुन्हा, जरा मोठ्या आवाजात, समजावायचे. गाइडमधले चुकीचे पर्याय जागा भरायला टाकलेले असतात. ते निवडणाऱ्या मुलाने काय विचार केला, याचा त्यातून काहीही पत्ता लागत नाही.

चुकीचा पर्याय हाच या कामातला मुख्य भाग आहे. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाचा एक खरा विचार असला पाहिजे. तो पर्याय कोणी निवडला की त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसलं पाहिजे.

हे पर्याय स्वतःच्या मनाने बनवू नका. आपण मोठी माणसं मुलांसारखं चुकू शकत नाही. ते मुलांच्या वह्यांतून घ्या. मी एक साधी वही ठेवली आहे. तपासताना जी चूक तीन वह्यांत दिसेल ती तिच्यात उतरवते. दुसरा मार्ग असा: आदल्या दिवशी तोच प्रश्न पर्याय न देता चिठ्ठीवर सोडवून घ्या. चिठ्ठ्यांत जास्त वेळा आलेली दोन चुकीची उत्तरं हेच उद्याचे चुकीचे पर्याय.

उदाहरण देते. "२.५ तास म्हणजे किती वेळ?" पर्याय: २ तास ५ मिनिटं, २ तास ५० मिनिटं, २ तास ३० मिनिटं. पहिला निवडणाऱ्याला दशांश चिन्ह म्हणजे दोन संख्यांमधली रेघ वाटते. दुसरा रुपये-पैशांची सवय घड्याळाला लावतोय, त्याला तासात १०० मिनिटं दिसतात. दोन्ही मुलं चुकली, पण दोघांना सांगायची गोष्ट वेगळी आहे.

लहान वर्गांनाही हे लागू होतं. "एकोणसाठ" अंकांत लिहायला सांगा आणि ५९, ९५, ६९ हे पर्याय ठेवा. ६९ लिहिणाऱ्याच्या कानावर "साठ" पडलेलं असतं. ९५ लिहिणारा अंकांची उलटापालट करतो. मराठीत एकक आधी बोलला जातो आणि लिहिला नंतर जातो, "सत्तावन्न" ऐकून ७५ लिहिणारं मूल याच वाटेने चुकतं. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी हा फरक वेळीच पकडला तर पुढे आमचं निम्मं काम हलकं होईल.

आता माझी सर्वांत मोठी चूक. सहावीला मी विचारायचे, "३.५ आणि ३.४५ यांत मोठी संख्या कोणती?" ज्यांना ४५ हे ५ पेक्षा मोठं दिसतं ती मुलं ३.४५ निवडतात, हे मला माहीत होतं, म्हणून प्रश्न पक्का आहे असं मी धरून चालले. पण ३.५ म्हणणारी सगळी मुलं बरोबर विचार करत नव्हती. एका मुलीला मी सहज विचारलं, "का गं, ३.५ का?" ती म्हणाली, "बाई, पॉइंटनंतर जितके कमी अंक, तितकी संख्या मोठी." शतांश हा दशांशापेक्षा लहान, हे तिने नीट ऐकलं होतं आणि त्यावरून हा नियम स्वतःच तयार केला होता. अ‍ॅप तिला वर्षभर हिरवा ठिपका देत होतं.

त्यानंतर मी प्रश्न बदलला. "सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.३, ०.४५ की ०.१२५?" जास्त अंक म्हणजे मोठी संख्या मानणारे ०.१२५ वर जातात. कमी अंक म्हणजे मोठी मानणारे ०.३ वर जातात. ०.४५ पर्यंत चुकीच्या नियमाने पोचता येत नाही. म्हणून प्रश्न लिहून झाल्यावर स्वतःलाच विचारा: चुकीचा विचार करूनही कोणी बरोबर उत्तरावर येईल का? येत असेल तर आकडे बदला. त्याशिवाय तो प्रश्न वर्गात नेऊ नका.

"वरीलपैकी सर्व" हा पर्याय कधीही नको. डी मात्र मी नेहमी "अजून कळलं नाही" असा ठेवते. काही सहकारी म्हणतात, याने मुलं पळवाट शोधतील. माझा अनुभव उलटा आहे. आठ-दहा दिवस मुलं बिचकतात, मग एखादं मूल कार्ड डी वर धरतं, त्याला कोणी रागवत नाही हे सगळे बघतात, आणि अंदाजाने ठोकलेली उत्तरं कमी होतात.

एका तासाला असे दोन प्रश्न पुष्कळ झाले. दहा प्रश्नांची प्रश्नमंजूषा घेऊ नका, ती परीक्षा होते.

वर्गात

प्रश्न फळ्यावर लिहा. एक मिनिट पूर्ण शांतता, प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा. मग कार्डं वर, मोबाइल फिरवा. कोणाचं कार्ड टिपलं गेलं नाही ते पडद्यावर दिसतं, तेवढ्यापुरतं थांबा.

आता सगळ्यात मोह होतो तो बरोबर उत्तर सांगून टाकायचा. तो आवरा.

हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी १९९१ मध्ये वर्गात असे प्रश्न विचारून मुलांनाच आपापसांत बोलायला लावायला सुरुवात केली. त्यांचे विद्यार्थी सूत्रं वापरून अवघड गणितं सोडवत, पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडखळत. त्यांच्या पद्धतीतला एक अंदाज मी पाळते. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असली तर चर्चेत अर्थ नाही, पुन्हा शिकवायचं, आणि वेगळ्या पद्धतीने. ७० टक्क्यांच्या वर असली तर थोडक्यात कारण सांगून पुढे जायचं. मधे असली तर मुलांना बोलू द्यायचं.

बोलू द्यायचं म्हणजे असं: "तुझ्यापेक्षा वेगळं उत्तर असलेला एक जण शोध आणि त्याला तुझं पटवून दे." तीन मिनिटं. तुम्ही रांगांमधून फिरा, ऐका, मधे पडू नका.

३.५ आणि ३.४५ च्या प्रश्नालाच घडलेलं सांगते. पहिल्या वेळी ३४ पैकी ११ बरोबर होते, १९ जण ३.४५ वर आणि ४ जण डी वर. मी बोलायला सांगितलं. खिडकीजवळ दोन मुलं एकमेकांवर वाकून हातवारे करत होती. एक म्हणत होता, "पंचेचाळीस मोठे का पाच?" दुसरा क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "तीन पॉइंट पाच म्हणजे साडेतीन ना? साडेतीन रुपयांत पैसे किती? पन्नास. मग तुझे पंचेचाळीस कसे मोठे?" पहिल्याने हातातलं कार्ड बघितलं आणि सावकाश फिरवलं. "साडेतीन" हा शब्द मला सुचला नव्हता. मी दशांश-शतांशाचे रकाने आखून आखून दमले होते, आणि घरात रोज बोलला जाणारा शब्द तिथेच पडून होता. दुसऱ्यांदा कार्डं वर केली तेव्हा २६ बरोबर आले. तेव्हापासून दशांशाचा पाठ मी सव्वा, साडे, पावणे यांपासून सुरू करते.

दुसऱ्यांदा स्कॅन झाल्यावरच उत्तर फोडा, आणि बरोबर उत्तराआधी चुकीच्या उत्तरामागचा विचार मुलांकडून वदवून घ्या. "३.४५ कोणाला आणि का वाटलं असेल?" असं विचारलं की ज्यांनी ते निवडलं नव्हतं तीही मुलं बोलतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. नावं किंवा क्रमांक लाल-हिरव्या रंगात टीव्हीवर दाखवू नका. मी एकदा कौतुकाने दाखवले. पुढचे तीन आठवडे मागच्या रांगेतला एक मुलगा कार्ड छातीशी धरून बसायचा, वर करायचा नाही. त्याला पुन्हा बोलतं करायला मला फार वेळ लागला. वर्गाला फक्त कोणत्या पर्यायावर किती जण, एवढंच दाखवा. याचे गुण कधीही देऊ नका, पालकसभेत हा तक्ता बाहेर काढू नका. गुणांची भीती आली की मूल हुशार मुलाच्या कार्डाकडे बघू लागतं आणि तुमच्या हातात खोटी माहिती येते.

अ‍ॅपला नेट लागतं. आमच्याकडे पावसाळ्यात रेंज जाते तेव्हा मी थांबत नाही. "डोळे मिटा, ए साठी एक बोट, बी साठी दोन," असं छातीशी बोटं धरायला सांगते आणि फळ्याच्या कोपऱ्यात मोजणी लिहिते. कोणाचं काय ते नोंदलं जात नाही, पण पुढचं पाऊल ठरवायला तेवढं पुरतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाला की तोच प्रश्न आकडे बदलून घ्या: १.२, १.३८ की १.२५६? काल चुकलेले क्रमांक कागदावर लिहून ठेवलेले असू द्या. आजही त्याच वाटेने चुकलेली दोन-तीन मुलं निघतात. त्यांना मधल्या सुट्टीच्या आधी पाच मिनिटं जवळ बसवा आणि हातात मोजपट्टी द्या. १.२ सेंमी कुठे, १.३ कुठे, १.३८ कुणाच्या जवळ, हे त्यांनाच बोट ठेवून दाखवू द्या.