स्वस्त कंडेन्सर माइक उघडण्याआधी

स्वस्त कंडेन्सर माइकमध्ये 'स', 'श' कानाला टोचतात. बऱ्याच माइकमध्ये के-६७ धाटणीची कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) असते. ती वरच्या फ्रिक्वेन्सी वाढवते. न्यूमन कंपनीच्या यू ८७ या नामांकित माइकचं सर्किट त्या पुन्हा खाली आणतं. त्याच्या स्वस्त नकलेत नेमका तोच भाग गाळलेला असतो, त्यामुळे नुसती कॅप्सूल बदलून फार फरक पडेलच असं नाही.

आधी फुकटातला उपाय: जाळीचा आतला बारीक थर काढून ऐका. बाहेरचा ठेवा, नाहीतर गुणगुण येते.

मग सिग्नलच्या वाटेतला सिरॅमिक कपॅसिटर काढून तेवढ्याच मूल्याचा फिल्म कपॅसिटर लावा. त्याआधी फँटम पॉवर (माइकला केबलमधून मिळणारी वीज) बंद करून थोडं थांबा. एफईटीच्या (कॅप्सूलचा सिग्नल घेणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) गेटजवळ, म्हणजे इनपुटच्या पायाजवळ, बोट लागलंच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तिथल्या ओलाव्यानेही खरखर येते. कॅप्सूलच्या पातळ पडद्याला, म्हणजे डायफ्रामला, मात्र हात नकोच.